सुनेने अडवलेला उतार

पनवेलमध्ये बर्फ मिळतो तो मासळी बाजारात आणि रसाच्या गाड्यावर. अशा गावात दिवाळी उलटली की मी लोकांना हिमस्खलनात जीव कसा वाचवायचा ते शिकवतो. नवीन माणूस हे ऐकून हसतो, आणि त्याचं चुकत नाही. आमच्या शाळेचा शिपाई रविवारी वर्ग उघडून देताना, "सर, आज किती बर्फ पडला?" असं विचारल्याशिवाय किल्ली हातात ठेवत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवतो. डोंगरात भटकायचा नाद कॉलेजात असल्यापासूनचा. तेव्हापासूनचा माझा एक मित्र आहे, बाजारात त्याचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. त्याचे दोन्ही भाऊ आखातात गेले, हा एकटा दुकानासाठी मागे राहिला आणि मग डोंगरासाठी राहिला. आम्ही दोघं मिळून दर जानेवारीत पनवेल-कामोठे-उरण भागातली दहा-बारा माणसं हिमालयात बर्फावर घेऊन जातो. पहिली बरीच वर्षं आम्ही काहीही माहीत नसताना गेलो. हे मी कबूल करायला हवं, कारण त्या वर्षांचे फोटो अजून लोकांच्या घरात फ्रेम करून लावलेले आहेत.

सह्याद्रीत आम्ही एकच गोष्ट धरून वाढलो: कोणाला मागे सोडायचं नाही, कोणी पुढे पळायचं नाही, अवघड जागी हाताला हात धरून साखळी करायची. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर ह्या साखळीने कितीतरी जण वाचले असतील. तीच साखळी आम्ही बर्फाच्या उतारावर नेली. एका उतारावर बाराच्या बारा माणसं, हातात हात, वर गाणी म्हणत. उतारावरचा बर्फ सुटला असता तर सगळ्यांना एकदम घेऊन गेला असता, वर उकरायलाही कोणी उरलं नसतं. तो सुटला नाही. ते आम्ही आमचं कौशल्य समजलो.

पुढे उत्तरेकडे एका प्रशिक्षणाला गेलो, तेव्हा तिथल्या शिक्षकाने विचारलं, तुम्ही लोक उतार कसा ओलांडता? मी मोठ्या अभिमानाने साखळी सांगितली. त्याने एवढंच विचारलं, मग उकरायला मागे कोण उरतं? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मनातल्या मनात मी एकेका वर्षाची माणसं आठवत होतो, त्यांच्या आयांसकट.

परत आल्यावर वर्ग सुरू केला. आता आमच्याबरोबर बर्फावर यायचं असेल तर आधी पनवेलात शिकावं लागतं, नाही तर नाव घेत नाही. बर्फ नसलेल्या गावात बर्फाचं शिकवायचं म्हणजे जुगाड करावे लागतात. उताराचा कोन मुलांना कंपासपेटीने समजतो पण मोठ्या माणसांना नाही, म्हणून मी त्यांना कौलारू घरं दाखवत फिरवतो. कौलांच्या छपराला जो उतार असतो, तेवढ्या आणि त्याहून जरा खड्या उतारावरचा बर्फ सगळ्यात बेभरवशाचा. त्याहून फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही, फार सपाटीवर तो हलत नाही. "म्हणजे आपल्या आजोळच्या घराकडे बघून घाबरायचं," असं एका वर्षी कोणीतरी म्हणालं, आणि ती व्याख्या आम्ही ठेवून घेतली.

गाडलेल्या माणसाला शोधायचा सराव आम्ही पळस्प्याजवळच्या एका शेतात करतो. भात झोडून झालेलं असतं, पेंढा रचलेला असतो. पोत्यात तूस भरायचं, त्यात एक बीकन ठेवायचं, म्हणजे छातीला बांधायचं ते यंत्र, जे गाडलं गेल्यावरही इशारा देत राहतं. मग ते पोतं पेंढ्यात खोल पुरायचं. बाकीच्यांनी आपापल्या यंत्रावर आवाज पकडत जवळ जायचं, लांब सळया टोचत चाचपायचं, फावड्याने उकरायचं, आणि हे सगळं घाईने, कारण बर्फाखाली पहिली थोडी मिनिटंच माणसाच्या बाजूची असतात. त्या शेताची मालकीण बांधावर उभी राहून आमची फजिती बघते.

"काय शोधताव ओ सर?"

"माणूस पुरलाय मावशी."

"मंग येवडे जन हसताव कशाला?"

त्यानंतर कोणी हसत नाही. मावशी दर वर्षी हे विचारते, आणि मी तिला कधी सांगितलं नाही, पण तिचं हे विचारणं आता माझ्या वर्गाचा भाग झालेलं आहे.

ह्या सगळ्यात शिकवायला अवघड गोष्ट मात्र यंत्रांची नाही. त्या प्रशिक्षणात आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की अपघात होतो तेव्हा बहुतेक वेळा गटात कोणाला तरी आधी शंका आलेली असते. तो बोलत नाही. पुढारी जाणता आहे, वयाने मोठा आहे, आपण कोण सांगणारे, असं म्हणून गप्प बसतो. आपल्याकडे तर हे जास्तच. मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे आपल्याला चालायच्या आधी शिकवतात. म्हणून आम्ही वर्गात नकाराचा सराव घेतो. मी फळ्यापाशी पुढारी होऊन उभा राहतो आणि म्हणतो, "चला, हा उतार ओलांडायचाय." एकेकाने उठून मला थांबवायचं.

पहिल्या वर्षी कोणालाच जमेना. बँकेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला योग्य वाटत असेल तर... म्हणजे, जरा बघू या का?"

माझा मित्र मागून म्हणाला, "ताई, हा नकार आहे का साडीच्या दुकानातली घासाघीस?"

कामोठ्याहून येणारा एक इंजिनिअर तरुण होता, तो हुशार. त्याने उठून मला चांगली पाच कारणं दिली. मी एकेक कारण खोडून काढलं आणि तो बिचारा खाली बसला. तेव्हा आमच्या लक्षात आलं की कारण दिलं की वाद होतो आणि वादात पुढारीच जिंकतो. मग आम्ही नियम केला: कोणीही नको म्हटलं की सगळ्यांनी मागे फिरायचं, आणि त्याला कारण विचारायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी सून वर्गात आली. ती उरणकडची, द्रोणागिरीच्या बाजूच्या गावातली, आगरी घरातली. माझ्या मुलाची आणि तिची ओळख तिथल्याच एका गोदामाच्या ऑफिसात झाली. मुलगा डोंगराचं नाव काढत नाही, "चढ म्हणून मला ऑफिसचा जिना पुरे," म्हणतो. लग्न होऊन आमच्याकडे आल्यावर एकदा जेवताना तिने माझ्या बायकोला विचारलं, "आई, मी जाऊ का पप्पांबरोबर बर्फात?"

बायको म्हणाली, "जा. तू विचारतेस तरी. ह्यांनी मला कधी विचारलं नाही, एकटे जाताना पण नाही आणि तू येतेस का म्हणून पण नाही."

हे खरं आहे. मी भात वाढून घेतला.

सून वर्गाला येऊ लागली, कोणाच्या पुढे नाही, कोणाच्या मागे नाही. पेंढ्यातलं पोतं तिने दोनदा इतरांच्या आधी काढलं. नकाराच्या सरावाच्या दिवशी एकेक जण उठत होता. आता लोक तयार झाले होते, बँकेतल्या बाई तर मला असं झापत होत्या की शिपाई दारातून डोकावून गेला. तिची पाळी आली. ती उठून उभी राहिली, ओढणी सारखी केली, माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "तू राहू दे गं. पुढचे कोण?"

ती बसली. मला वाटलं, मी तिला अवघड प्रसंगातून सोडवलं.

चहाच्या टपरीवर मित्राने विचारलं, "सर, सुनेला का सोडलं? इम्तिहान सगळ्यांचा."

"अरे, ती मला लोकांसमोर नको कशी म्हणणार? चार दिवस झाले घरात येऊन."

"तेच तर शिकवतोय ना आपण? नाही तर बंद करू, मी दुकान तरी उघडेन रविवारचं."

मी चहा प्यायलो. आता कळतं की तिला सोडवलंच नव्हतं मी. मी मला सोडवलं होतं. घरात रोज समोर दिसणाऱ्या, मला ताट वाढणाऱ्या मुलीने वर्गासमोर मला थांबवलेलं मला बघायचं नव्हतं. नकार द्यायला मी गावभर शिकवत होतो, फक्त माझ्या घरातल्या माणसाला नाही.

त्या जानेवारीत आम्ही हिमाचलमधल्या एका खोऱ्यात गेलो. शेवटच्या गावात पोहोचलो तर बर्फ पडत होता. पडतच राहिला. आम्ही एका लाकडी घरात शेगडीभोवती बसून पत्ते खेळलो, मित्राने नेलेल्या खजुरांवर ताव मारला, इंजिनिअर खिडकीशी उभा राहून सारखं आभाळ बघत होता. त्याची रजा संपत आली होती, सगळ्यांचीच. मग एका सकाळी लख्ख ऊन पडलं. आभाळ इतकं निळं की खोटं वाटावं. समोरच्या डोंगराची धार स्पष्ट दिसत होती, तिथेच आम्हाला जायचं होतं. तिथून पलीकडची सगळी शिखरं दिसतात.

नियमाने सांगायचं तर अशा सकाळी थांबायला हवं होतं. खूप बर्फ पडून गेल्यावर लगेच उन्हात उतारावर जाऊ नये, हे मी कौलारू घरांसमोर उभा राहून इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. पण मी म्हणालो, "निघू या, बघत बघत जाऊ." गावातला वाटाड्या बरोबर होता, त्याला विचारलं तर तो म्हणाला, "आप बोलो सर." पाहुण्यांना तो नाही म्हणणार नव्हता. त्याच्याही गावात मोठ्यांना आणि पाहुण्यांना उलट बोलत नसावेत.

देवदाराच्या झाडीतून वर आलो आणि झाडी संपली तिथे तो उतार लागला. परातीसारखा खोलगट, पांढरा, एकही पाऊल नसलेला. पलीकडे गेलं की धार हाताशी होती. मी काठी टोचली. वरचा थर वाऱ्याने दाबून कडक झालेला, आणि त्याच्याखाली काठी पिठात जावी तशी सरकन आत गेली. कडक झाकण आणि खाली भुसभुशीत, ह्याचा अर्थ मला माहीत होता. मी काठी बाहेर काढली, वर बघितलं, मागे बघितलं. मागे सगळे माझ्याकडे बघत होते. इंजिनिअरने कॅमेरा काढला होता.

मी म्हणालो, "एकेक करून जायचं. पहिला पलीकडे पोहोचेपर्यंत दुसऱ्याने पाय टाकायचा नाही. बीकन तपासा."

मित्र शेवटी होता. त्याने खाली वाकून उगाच बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याची नाडी सुटलेली नव्हती, हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"पप्पा, नको."

आवाज इतका लहान होता की मला वाटलं ती दुसऱ्या कोणाशी बोलते आहे. ती रांगेत तिसरी होती.

"काय?"

"नको जायला."

"का? काय झालं?"

"कारण विचारायचं नाही," ती म्हणाली. मग तिचा चेहरा लाल झाला आणि ती खाली बघत म्हणाली, "असं ठरलंय."

कोणीतरी हसलं. इंजिनिअर म्हणाला, "वहिनी, घाबरलात का?"

"हो."

एवढंच. बाकी काही नाही. वर्गात आम्ही इतके नकार ऐकले होते, मोठ्याने, टेबलावर हात आपटून दिलेले, पण त्यातल्या कोणालाच "घाबरलात का" म्हटल्यावर "हो" म्हणता आलं नव्हतं.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी लिहितो, कारण ते लपवून पुढचं लिहिलं तर सगळं खोटं होईल. मला राग आला. ती बरोबर आहे की नाही हे मी तपासलंच नाही, मी तपासलं ते हे की तिचं न ऐकता पुढे कसं जाता येईल. "तू इथे झाडीपाशी थांब, आम्ही जाऊन येतो," हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. प्रेमाने म्हटलं असतं तर कोणालाच काही वावगं वाटलं नसतं. सुनेची काळजी घेणारा सासरा दिसलो असतो. आणि आमचा नियम तिथेच मेला असता, कारण नको म्हणणाऱ्याला बाजूला बसवून बाकीचे पुढे गेले, तर पुढच्या वेळी नको कोण म्हणेल?

आणि ती ते वाक्य येणार हे जाणून होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या बुटांकडे बघत होती, ते कुठल्या दिशेला वळतात ते.

मी म्हणालो, "फिरा मागे."

आवाज रुक्ष आला, पण आला. मित्राने वळून सगळ्यांत आधी उतरायला सुरुवात केली, जणू तो त्याच शब्दाची वाट बघत होता. झाडीत शिरल्यावर तो माझ्यासाठी थांबला आणि म्हणाला, "मला पण नको वाटत होतं, सर. कसम से."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्याबरोबर इतकी वर्षं फिरतोय. तुझा चेहरा बघितला आणि नाडी बांधायला लागलो."

आम्ही दोघं वर्ग घेणारे. एक काठी टोचून गप्प, दुसरा नाडी बांधून गप्प.

तो उतार सुटला असता, तर ही गोष्ट सोपी झाली असती. तो सुटला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सामान बांधत असताना दुसऱ्या शहरातला एक गट वर गेला, तोच उतार ओलांडून धारेवर पोहोचला आणि दुपारी हसत खेळत परत आला. त्यांनी आम्हाला फोटो दाखवले. चॉकलेटं दिली. इंजिनिअरने एकेक फोटो मोठा करून पाहिला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, काही झालं नाही ना पण?"

सून शेगडीपाशी बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली. "पप्पा, माझ्यामुळे सगळ्यांचं... माझं चुकलं का?"

तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ अभिमान. सगळे ऐकत होते म्हणून मी सगळ्यांनाच सांगितलं. म्हणालो, "काठी मी टोचली होती. आतला भुसभुशीत थर मला कळला होता आणि तरी मी जात होतो. ते लोक नशीबवान निघाले. पूर्वी आम्ही दोघं असेच वर्षानुवर्षं नशीबवान निघालो आणि त्याला अनुभव म्हणत राहिलो. काल इथे जिने धडा पाळला ती एकटीच होती. आणि तिला मी वर्गात सराव करू दिला नव्हता."

इंजिनिअरला हे पटलं नाही. तो चांगला मुलगा आहे, पण त्याला पटलं नाही, आणि तो पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाबरोबर गेला. हे मी त्याच्याविरुद्ध सांगत नाही. मीही त्याच्या वयात हेच केलं असतं.

पनवेलला परतल्यावर गोष्ट आमच्या आधी पसरली होती. बाजारात मित्राच्या दुकानात लोक विचारत, "काय, सुनेने सासऱ्याला परत आणला म्हणे?" तो त्यांना सांगे, "हो, आणि सासरा आला. पुढचं पण सांगा लोकांना." शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन, घरात सगळं ठीक आहे ना, असंही विचारलं.

ते फिरत फिरत द्रोणागिरीकडेही पोहोचलं. एका रविवारी दुपारी माझे व्याही, सुनेचे वडील, न सांगता आले. मोठा, रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या घराण्याची पूर्वी मिठागरं होती, आता त्या जागेवर गोदामं उभी आहेत, पण चालणं अजून मिठागरातलं, बांधावरून चालल्यासारखं एकामागे एक पाय टाकत. हातात मोऱ्याच्या बंदरावरून घेतलेली सुरमई. ती त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"व्याही, माफी मागायला आलोय."

"कसली हो माफी? आधी बसा."

"पोरीनी येवड्या मान्सांमधी तुमाला आडवला. आमी तिला असा नाय शिकवला. आमच्याकडं सासऱ्याम्होरं आवाज काडत नाय कोनी." मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "ये गं भाईर. पाया पड त्यांच्या. चुकला म्हन."

सून पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. तिला हे नवीन नव्हतं. ती वाकायला लागली, आणि मी बघितलं की हे किती सोपं आहे. ती चुकलं म्हणेल, मी असू दे असू दे म्हणत मोठेपणाने माफ करेन, व्याह्यांचा जीव हलका होईल, सुरमई तळली जाईल, सगळे जेवू. कोणाचंही काही बिघडणार नाही. फक्त ती पुन्हा कधी नको म्हणणार नाही. ना डोंगरात, ना घरात.

"थांब," मी म्हणालो. "वाकू नकोस."

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी माफीही घेत नाही इतका रागावलोय.

"व्याही, तुमच्या मुलीने चूक केलेली नाही. तिने नको म्हटलं आणि मी ऐकलं. मला तिचा अभिमान आहे. तिने आज माफी मागितली तर मी इतक्या लोकांना जे शिकवतो ते सगळं गुंडाळून ठेवावं लागेल."

"तुमी ऐकला?" त्यांनी विचारलं. त्यांना तिच्या नकारापेक्षा ह्याचंच जास्त आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"ऐकलं."

बायको सुरमई धुता धुता आतून म्हणाली, "डोंगरात ऐकतात हो. घरात अजून शिकायचंय."

व्याही बसले. पाणी प्यायले. पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, ते मला दिसत होतं. मुलगी सुटली, पण कशावरून सुटली ते त्यांना कळायला हवं होतं. ते तिला म्हणाले, "कंचा डोंगर व्हता? दाव."

तिने मोबाइलवर त्या उताराचा फोटो काढून दाखवला. त्यांनी तो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला.

"ह्यो? ह्याच्यावरून तर आमची बकरी पन गेली असती."

"आबा," ती त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली आणि घरच्या बोलीत बोलायला लागली, जी ती आमच्याकडे सहसा बोलत नाही. "गेल्या सालच्या मिठाची रास असली, पावसाळा खाल्लेली, वरून दगडावानी झालेली. तिला खालून घमेला लावतो का कोनी?"

व्याह्यांनी फोटोतल्या उतारावरून खालून वर बोट फिरवलं.

"नाय," ते हळू म्हणाले. "वरचा पापुद्रा येतो आंगाव. माज्या चुलत्याचा पाय गेला व्हता तसा."

"मंग ती रासच हाय ही. डोंगरायेवडी. वरून कडक, आतून सुटी. आनि आमी तिच्या कुशीतून चालत जानार व्हतो."

मी इतकी वर्षं कौलं दाखवत होतो, पीठ, झाकण, परात, सगळं सांगून झालं होतं. हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी असं सांगता आलं नसतं. तिने ते तिथे उतारावर उभ्या उभ्या बघितलं होतं की नंतर घरी येऊन शोधून काढलं, हे मी तिला विचारलं नाही. मी त्या दोघांकडे बघत राहिलो. वर्गात कोणाला काही समजलं की मास्तराला आनंद होतो, त्यापेक्षा हे वेगळं होतं. माझ्या घरात एक माणूस होतं, जे मी शिकवलेलं माझ्यापेक्षा पुढे घेऊन गेलं होतं.

व्याह्यांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला. मग ते माझ्याकडे वळले. आता त्यांच्या नजरेत माफी नव्हती.

"मंग तुमी कशाला जात व्हताव?"

मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "मागे इतकी माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मागे फिरायला लाज वाटली."

व्याह्यांनी मान हलवली. त्यात दोष देणं नव्हतं. "हां," ते म्हणाले, "तसा व्हतो मान्साला."

आतून मासे तळल्याचा वास यायला लागला होता. सून उठायला लागली तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा दाबून, आणि माझ्यासमोर, माझ्या बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले, "बरा केलास पोरी."

ह्या वर्षीचा वर्ग तिच्याकडे आहे. व्याही म्हणालेत, बसून बघायला येतो.